सात नावांची यादी

३ ऑगस्ट १९५८, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची सुरुवात कुठेतरी नोंदलेली असावी.
काल मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, की १ नोव्हेंबरला कंपनीला एक वर्ष होतंय, त्या दिवशी कंपनीचा स्वतःचा बँड वाजला पाहिजे. साहेब पूर्वी मिलिटरीत होते, त्यांना बँडचं वेड. जुनी वाद्यं आली आहेत. सेक्रेटरी कोण? मी. हेडक्लार्क बबनराव म्हणाले, टाइम ऑफिसात तुमच्याइतकं रिकामं दुसरं कोणी नव्हतं. त्यांची विनोद करायची पद्धत.
सेक्रेटरी म्हणजे खरं तर बँडमास्तरच. कराडला शाळेच्या बँडमध्ये मी दोन वर्षं होतो. हातात ट्रँगल होता, पण लक्ष सगळीकडे असायचं.
निश्चय: क्लॅरिनेट मी स्वतः घेणार. रोज पहाटे पाचला रियाज. कोणाशी हसून बोलायचं नाही, मास्तरला शोभत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार
पहाटे उठलो नाही. हवा दमट आहे, क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी फुगते.
आठ पोरं निवडली. सगळे बदली कामगार, काम असेल त्या दिवशी बोलावणं. मी पिंपरी गावात ज्यांच्याकडे राहतो-जेवतो त्या गोजाबाईंचा मुलगा सोनबाही त्यात आला. एकविसाचा असेल, लोडिंगला आहे. त्यानं न विचारता कॉर्नेट, म्हणजे सगळ्यांच्या पुढे वाजणारी पितळी पिपाणी, उचललं. दिघीच्या दत्तोबांकडून शिकलाय म्हणे. हे दत्तोबा मिलिटरी बँडमधून रिटायर झालेले, आता म्हशी पाळतात. सोनबाला नोटेशन वाचता येत नाही. म्हणजे पायाच कच्चा. बघू, माझ्या हाताखाली तयार होईल.

१७ ऑगस्ट, रविवार
प्रॅक्टिस मागच्या रिकाम्या शेडमध्ये. आवाज फर्स्ट क्लास घुमतो. सोनबा म्हणाला, हितं आमचा बाजरीचा तुकडा हुता, भाऊ. कंपनीनं जमीन घेताना घरटी एक नोकरी देऊ असं सांगितलं होतं, ते अजून बदलीवरच चाललंय. मी म्हटलं, प्रॅक्टिसच्या वेळी घरगुती विषय नकोत.
नोटेशनचं पुस्तक टपालानं मागवलं होतं, ते आलं. इंग्लिशमध्ये आहे. चित्रं स्पष्ट आहेत.

३१ ऑगस्ट, रविवार
बेशिस्तीचा कळस. मला शेडवर पोचायला तासभर उशीर झाला (झोप नव्हे, डोळे मिटून ताल मोजत होतो). जाऊन बघतो तर पोरांनी माझ्याशिवाय सुरुवात केलेली. सोनबा पुढे, बाकीचे मागून. मार्च, म्हणजे संचलनाची धून, मग भजनाची एक चाल, पुन्हा मार्च. कुंपणापलीकडे भांगलणाऱ्या बायका खुरपं टाकून उभ्या. एक म्हातारा सायकल धरून तसाच थांबलेला. मोठा ढोल वाजवणारा पोरगा तर डोळे मिटून हसत होता. बँडमध्ये हसायचं काय काम?
मी आत गेलो, टाळी वाजवली, सगळं थांबवलं. म्हटलं, सुरुवातीपासून, माझ्या इशाऱ्यावर. इशारा दिला. पोरं नीट सुटली नाहीत. मी नसताना वाईट सवयी लागतात त्या अशा.
बायका परत कामाला लागल्या.

७ सप्टेंबर, रविवार
आज सोनबानं दत्तोबांना आणलं, मला न विचारता. म्हातारा अर्धा तास उकिडवा बसून ऐकत राहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, क्लार्कसाहेब, राग मानू नका, तुमची क्लॅरिनेट जरा हळू घ्या. पोरगं सुरात हाय, त्याला पुढं राहू द्या, तुमी त्याच्या मागनं चला.
म्हशी पाळणाऱ्या माणसानं मला मागून चालायला सांगावं!
मी हसण्यावारी नेलं. झांजवाला मालोजी तेवढा मला ‘मास्तर’ म्हणतो. झांज उशिरा पडते त्याची, पण मुलगा सुसंस्कृत आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
मॅनेजरसाहेब शेडवर येऊन गेले. दोन मार्च ऐकले. विचारलं, कॉर्नेटवर कोण आहे? सोनबाची पाठ थोपटली. मला म्हणाले, गुड, कीप इट अप. दोघांची स्तुती केली तर एकाला फाजील आत्मविश्वास येतो, हे साहेबांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.
रात्रीच्या जेवणाला गोजाबाईंनी पुरणपोळी केली. म्हणाल्या, तुमच्यामुळं पोराचं नाव झालं, जोतीरामभाऊ. मी म्हटलं, मावशी, माझं कर्तव्यच आहे. चार खाल्ल्या.

५ ऑक्टोबर, रविवार
महत्त्वाची बातमी. बँडच्या पोरांपैकी सात जणांना कायम करणार. नावं सेक्रेटरीनं द्यायची. म्हणजे मी!
पोरं आठ आहेत. एक गळणार. बबनराव म्हणाले, सोपं आहे, झांज कोणीही वाजवील, मालोजीला वगळा. मी म्हटलं, निर्णय पूर्ण निःपक्षपातीपणे होईल.
निश्चय: प्रत्येकाला गुण द्यायचे. हजेरी, शिस्त, नोटेशन, मास्तरांविषयी आदर.

१५ ऑक्टोबर, बुधवार
गुण देऊन झाले. आश्चर्य म्हणजे सोनबा शेवटी आला. हजेरी पूर्ण, पण नोटेशन शून्य. आदरात मी त्याला ओढूनताणून दोन दिले. मालोजी तिसरा.
हे मी मनाला लावून घेतलं नाही. आकडे आकडे असतात. शिवाय सोनबा तरुण आहे, हुशार आहे, पुढच्या वर्षी सहज होईल. एखादा धक्का बसलेला कलावंताला चांगलाच. यादी टाइप केली, फायलीतल्या प्रतीवर तेवढं हातानं त्याचं नाव, पुढे शेरा: ‘शिस्त नाही’, खाली माझी सही. साहेबांनी न वाचताच सही केली. त्यांचा माझ्यावर तेवढा विश्वास आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी बबनरावांनी सांगितलं, की यादीत नसलेल्या बदलीवाल्यांना महिनाअखेर कमी करणार. हे आधी माहीत असतं तर वेगळा विचार केला असता. ते म्हणाले, यादी अजून बोर्डावर लागलेली नाही, दुपारपर्यंत नवी टाइप करा. पण तीन कार्बनसकट पुन्हा टाइप करायची म्हणजे अर्धा दिवस. त्यात ‘स’ची कळ अडकते.
दुपारी यादी लागली. सोनबानं मालोजीकडून दोनदा वाचून घेतली. मग टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन म्हणाला, भाऊ, माझं नाव चुकून ऱ्हायलं का? मागं पोरं उभी होती. मी म्हटलं, साहेबांनी कापलं रे, मी खूप भांडलो.
हे अगदीच खोटं नाही. मनातल्या मनात मी भांडलोच होतो.
तो म्हणाला, तुमी भांडलात तेच लई झालं.

२० ऑक्टोबर, सोमवार
सोनबानं कॉर्नेट परत आणून दिलं. चिंचेनं घासून लखलखीत केलेलं. म्हणाला, पुण्यात एका लग्नाच्या बँडात जागा हाय, जातो. मी त्याला शिस्तीबद्दल चार शब्द सांगितले. खाली बघून ऐकले त्यानं. गोजाबाई दारात उभ्या होत्या. त्याच्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं आणि आत गेल्या.
घर शांत आहे. रियाजाला बरं. पहाटे उठणार.

२६ ऑक्टोबर, रविवार
उठलो नाही.
कॉर्नेटचा भाग मी क्लॅरिनेटवर घेणार. वाद्य वेगळं आहे, पण तत्त्व एकच: फुंकर. पोरं हल्ली माझ्याशी बोलत नाहीत. कार्यक्रम जवळ आला की कलावंत अंतर्मुख होतात.

१ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी
कार्यक्रम झाला.
थोडक्यात लिहितो. मांडव, मुंबईचे पाहुणे, साहेबांच्या पत्नी, पुढच्या रांगेत गावातली मंडळी. पहिला मार्च सुरू केला. जिथं सोनबा वर जायचा तिथं मी वर गेलो. क्लॅरिनेट किंचाळली. हवामान. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. मागं वळून बघायचं नाही हा मास्तरांचा नियम, म्हणून वळलो नाही. नंतर कळलं, की मोठ्या पितळी भोंग्याचा, युफोनियमवाला आधी थांबला, मग ड्रम, मग सगळेच. मी डोळे मिटून बराच वेळ एकटा वाजवत होतो. मला वाटलं, पोरं मला सोलो देतायत.
मालोजीनं झांज वाजवली तेव्हा मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा ती वेळेवर पडली. लोक हसले.
साहेबांनी स्टेजवरच विचारलं, कॉर्नेटचा मुलगा कुठे आहे? मी सांगायला लागलो, तेवढ्यात बबनरावांनी फायलीतून यादी काढून त्यांच्या हातात दिली. ‘शिस्त नाही’ साहेबांनी मोठ्यानं वाचलं. खाली माझी सही. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.  पोरं सगळी तिथंच होती.
मॅनेजरच्या मनात काय असतं ते खालच्या माणसाला कळत नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार
बँड बंद. वाद्यं स्टोअरमध्ये, रंगाच्या डब्यांमागे. सातही पोरं कायम झाली, तरी एकानंही आभार मानले नाहीत. मालोजी आता मला ‘क्लार्क’ म्हणतो. जगात कृतज्ञता उरलेली नाही.
सोनबाला परत घ्यावं असं बबनरावांनी सुचवलं. साहेब म्हणाले, ह्या वर्षीची भरती संपली.

३० नोव्हेंबर, रविवार
गोजाबाईंना लिहिता-वाचता येत नाही. सोनबाला पत्र लिहून द्या म्हणाल्या. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. खोकला कसा हाय, रातच्या वरातीत थंडी बाधंल, मफलर बांधत जा. शेवटी म्हणाल्या, असं लिवा, जोतीरामभाऊ तुझ्यापायी सायबाशी भांडलं, त्यांचं उपकार इसरू नको. मी टाक दौतीत बुडवला. मग लिहिलं. सांगेल तसं लिहिणं हे लेखनिकाचं कर्तव्य. अक्षर उत्तम आलं. ‘उपकार’च्या आधी ‘थोर’ घातलं, वाक्य बोडकं वाटत होतं.

१४ डिसेंबर, रविवार
सोनबाचं उत्तर आलं आहे. बँडमधल्या कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. संध्याकाळी गोजाबाईंनी चुलीपुढे पाट दिला आणि पत्र हातात ठेवलं. वाचा म्हणाल्या.
वाचलं. खोकला बरा आहे. मुख्य कॉर्नेट आता त्याच्याकडे आहे. पुढं असं होतं: ‘मालोजी भेटला होता. माझं नाव साहेबांनी कापलं नाही, भाऊंनी कापलं. तू त्यांना काही बोलू नको. परगावचे आहेत, त्यांचं जेवण बंद करू नको.’ मग चाकणच्या मामाला नमस्कार.
मोठ्यानं वाचताना मी कॉर्नेटवरून थेट चाकणच्या मामावर आलो.
गोजाबाई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, मधलं ऱ्हायलं.
मी म्हटलं, मावशी, मधे काही नाही.
तव्यावरची भाकरी उलटली त्यांनी. म्हणाल्या, दत्तोबांनी परवाच वाचून दाखवलंय. तुमी वाचताय का, तेवढं बघायचं हुतं.
मी पत्राची घडी घातली. नीट बसेना. खुलासा करायला तोंड उघडलं: कार्बन, टाइपरायटर, शिस्तीचे गुण. 
तेवढ्यात त्यांनी ताट वाढलं. पुढ्यात ठेवलं. म्हणाल्या, जेवा. पोरानं सांगितलंय.
जेवलो. नको म्हणणं बरं दिसलं नसतं.