गोधडी आणि फुकटची बस

१ फेब्रुवारी १९९०

रोजनिशी पुन्हा सुरू. मागच्या वर्षीची संक्रांतीच्या आधीच बंद पडली, पण तो दोष पेनाचा होता. यंदा पेन नवीन.

आनंदाची बातमी. मानवतच्या अलीकडच्या माळावर मोठा कृषी मेळा भरतोय. त्यातल्या महिला विभागाच्या स्पर्धेत आमच्या पाथरीतून माझ्या बायकोची, मालनची, गोधडी घेतली आहे. गोधडी दहा तारखेला दुपारच्या आत महिला दालनात नेऊन द्यायची. उशीर झाला तर बाद.

मालननं ही गोधडी दोन उन्हाळे शिवली. आईचं लुगडं, माझ्या जुन्या टेरिकॉट पँटी, पोरींचे फ्रॉक. मधोमध निळा चौकोन आहे, तो तिच्या भावाच्या शर्टाचा. नामांतराच्या सत्याग्रहात तो शर्ट घालूनच तो जेलात गेला होता. मी तेव्हा म्हणालो होतो, अंगावर घ्यायच्या वस्तूला एवढी कलाकुसर कशाला. पण आता मेळ्याच्या लोकांनी तिला ‘कलाकृती’ म्हटलंय. माझं मत बदललं आहे.

गोधडी नेण्याची सगळी जबाबदारी मी घेतली. मालन म्हणाली, मी जाते की माझी, शेजारची मालू वैनी येती म्हणली संगं. मी म्हणालो, हा नियोजनाचा विषय आहे. पंचायत समितीत सतरा वर्षं काढलेला माणूस घरात असताना वैनी कशाला.

४ फेब्रुवारी, रविवार

नियोजन पूर्ण.

मेळ्याचा माळ अफाट आहे. एका टोकाला मुख्य गेट, दुसऱ्या टोकाला महिला दालन. मध्ये जनावरं, अवजारं, फळं-फुलं, पाळणे आणि भाषणांचा मंडप. एवढं कोण चालणार, म्हणून मेळा समितीनं गेटापासून सगळ्या विभागांना फुकट बस ठेवली आहे. पिवळा रंग, पुढं मोठ्या अक्षरात ‘मोफत’. किती दूरदृष्टीचा विचार.

आमच्या शेजारी व्यंकटराव, त्यांच्याकडे जीप आहे. म्हणाले, खंदारे सायेब, भाभीला मी सोडतो ना महिला दालनाच्या मागच्या गेटाला, सीधा रस्ता हाय. मी नम्रपणे नकार दिला. सरकारी व्यवस्था असताना कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, हे माझं तत्त्व. मालन आत भाकरी करत होती. काही बोलली नाही. म्हणजे तिला पटलं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

मेळ्याचा पहिला दिवस. अर्धी रजा टाकून रंगीत तालीम करायला एकटाच गेलो.

बस उत्तम. सीट थोड्या फाटक्या. गेटावर चढलो. बस जनावरांपाशी थांबली. हिशोब असा केला की इथं उतरून आडवं गेलं तर वेळ वाचेल. उतरलो. आडवं जाता येत नाही, तारेचं कंपाउंड आहे. पुन्हा बस धरली. ती मला थेट गेटावर घेऊन आली. पुन्हा बसलो. यावेळी उतरायचं नाही असं ठरवलं. पाळण्यांपाशी सगळ्यांना उतरवलं, ड्रायव्हरला चहा प्यायचा होता. त्यानंतर जी बस आली ती पुन्हा जनावरांकडे.

बसवर मदतनीस म्हणून आश्रुबा नावाचा ताडकळसचा माणूस आहे. बोलका आहे. म्हणाला, सायेब, सकाळपून तुमी त्या एकाच वळूला भेटायलाव, इकत घ्यायचाय का. मी हसलो. कनिष्ठ कर्मचाऱ्यांशी हसून वागावं.

महिला दालनापर्यंत प्रत्यक्ष पोचलो नाही. पण त्याचं पत्र्याचं छत बसमधून दोनदा स्पष्ट दिसलं. मार्गाचा अंदाज आला. तालीम यशस्वी.

घरी मालनला सांगितलं, सगळं ठरल्याप्रमाणे आहे. तिनं विचारलं, दालन कसंय आतून. मी म्हणालो, प्रशस्त.

१० फेब्रुवारी, शनिवार

झालं त्यात माझी चूक नाही, हे आधी लिहून ठेवतो.

सकाळी लवकर गेटावर पोचलो. मालननं गोधडी जुन्या धोतरात बांधून घेतली होती आणि गाठोड्याला नावाची चिठ्ठी टाचली होती. तुफान गर्दी. बस आली तशी सगळी जत्रा तिच्या अंगावर. मालन म्हणाली, पायी जाऊ ना, त्या पऱ्हाटीच्या रानातून वाट दिसायलीय. मी म्हणालो, थांब.

आपल्याकडे बसचा एक कायदा आहे, तो कुणी लिहिलेला नाही पण सगळ्यांना मान्य आहे. खिडकीतून सीटवर रुमाल टाकला की जागा आपली. पण माझा अनुभव असा की रुमाल हलका पडतो. लोक उचलून फेकतात, मग भांडण. वस्तू वजनदार हवी. आणि हातात वजनदार वस्तू होती.

मी मालनच्या हातातून गाठोडं घेतलं आणि खिडकीतून टाकलं. नेम इतका अचूक की थेट खिडकीच्या सीटवर मधोमध बसलं. मी वळून मालनला म्हणालो, बघ, जागा झाली. तेवढ्यात बस सुटली. भरली की सोडायची, असा तिथं नियम असल्याचं नंतर कळलं.

मालन म्हणाली, माझी गोधडी. बास, एवढंच. मोठ्यानं नाही म्हणाली.

मी तिला समजावलं. बस गोल फिरते, जाईल कुठं, परत इथंच येणार. पण नुसतं थांबणं मला पटेना, म्हणून मागची बस धरली. ती उलटीकडून फिरते, हे कालच्या तालमीत लक्षात आलं नव्हतं. जनावरांपाशी दोन्ही बस समोरासमोर आल्या. आमच्या खिडकीतून त्यांच्या खिडकीत गोधडी दिसली. माणसं दांड्याला लोंबकळत होती, पण त्या सीटवर कुणी बसलेलं नव्हतं. कुणाची तरी जागा धरलेली आहे म्हणून. आपल्या माणसांचा मला अभिमान वाटला. मी मालनला तसं म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या थांब्यावर उतरली.

म्हणाली, मी चालत जाते.

मी म्हणालो, अगं दोघंही हललो तर चुकामूक होईल, एकानं जागेवर राहायला हवं. ती निघून गेलेली होती. मग ती जागा मी सांभाळली. फळं-फुलांच्या थांब्यावर, उन्हात. गोधडी माझ्यासमोरून पुन्हा गेली. बस थांबली नाही, मी हात केला, आतल्या काही लोकांनीही हात केले.

शेवटी पोचलो तेव्हा दुपार केव्हाच उलटून गेली होती. मालन दालनाच्या पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होती. आत गोधडी दोरीवर टांगलेली. झालं असं की आश्रुबानं चिठ्ठी वाचून गाठोडं दालनात आणून ठेवलं. तोवर वेळ टळली होती. तर तो तिथल्या बाईंना म्हणाला, बाई, कसूर आमच्या बसचाय, ह्या माऊलीचा न्हाई. बाईंनी घेतली.

म्हणजे गोधडी फुकट बसनंच पोचली. माझं मूळ नियोजन बरोबर होतं.

परत येताना मालन बोलली नाही. ऊन फार होतं.

११ फेब्रुवारी, रविवार

विश्रांती. मालननं जेवायला वाढलं, पण मीठ मागितल्यावर पोरीच्या हाती पाठवलं.

संकल्प: यापुढं कुठलीही वस्तू खिडकीतून टाकायची नाही. फार फार तर छत्री.

१२ फेब्रुवारी, सोमवार

पहिलं बक्षीस. महिला विभागात मालनच्या गोधडीला पहिलं बक्षीस.

ऑफिसात कुणीतरी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी फायलीत तोंड घातलं. सगळ्यांना पेढे दिले आणि गोधडी तिथं पोचवण्यात काय काय अडचणी आल्या तेही थोडक्यात सांगितलं.

उद्या मंडपात सत्कार. मेळा समितीची पद्धत अशी की बाईला बक्षीस असलं तरी सत्कार जोडीनं करतात. नवरा-बायको दोघांनी वर जायचं. साडी, फेटा, नारळ. मालन दिवसभर हसत होती. शनिवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, तुमी तो पांढरा शर्ट घाला. इस्त्री पण तिनंच केली.

व्यंकटरावांनी पुन्हा जीप देऊ केली आहे. जागा चौघांची, पण पोरी, मालू वैनी आणि मालन यांनीच भरेल. व्यंकटराव म्हणाले, सायेब, पोरी घ्या मांडीवर, बसताल तुमी. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढं, मी बसनं येतो आणि तुमच्या आधी पोचून पुढच्या खुर्च्या धरतो. मालन म्हणाली, नक्की या बरं. मी म्हणालो, आता मला तिथला सगळा रूट पाठ आहे.

खरोखरच पाठ आहे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

रूट पाठ होता.

मंडपाचा थांबा पाळण्यांनंतर. मी दारापाशीच उभा राहिलो. पाळणे गेले, मंडप आला, बस थांबली नाही. आश्रुबा म्हणाला, सायेब, मोठे पाव्हणे आलेत, पोलिसांनी मंडपाचा थांबा बंद केलाय, तुमाला म्हाईत न्हाई का. मी म्हणालो, मला उतरू द्या. तो म्हणाला, चालत्या गाडीतून कसं उतरताव, फिरून येऊ ना.

माळावर सगळीकडे भोंगे लावलेत. जनावरांपाशी पोचलो तेव्हा भोंग्यातून आवाज आला: प्रथम पारितोषिक, मालनबाई सिताराम खंदारे, पाथरी. उभयतांनी मंचावर यावं.

मी बसमध्ये मोठ्यानं म्हणालो, ही माझी बायको. माणसांनी वळून बघितलं. एक म्हातारी म्हणाली, मग तू हितं काय करायलास बाबा.

भोंगा पुन्हा म्हणाला, सितारामराव असतील तिथून मंचाकडे यावं. मी असेन तिथं बसमध्ये होतो. ड्रायव्हरला म्हणालो, इथं थांबवा. त्यानं थांबवलं. समोर तार, तारेपलीकडे वळू. मी परत चढलो.

तिसऱ्यांदा पुकारलं. मग थोडा वेळ काहीच नाही. नुसती भोंग्याची खरखर. त्या खरखरीत मी काय काय म्हणालो ते लिहीत नाही. मग टाळ्या. खूप टाळ्या. बसमधली माणसंही वाजवायला लागली, आश्रुबानं सुरुवात केली. मीही वाजवल्या. दांडा सोडावा लागला, म्हणून धडपडलो.

मंडपात पोचलो तेव्हा सतरंज्या गुंडाळत होते.

१४ फेब्रुवारी

मालननं सकाळी चहाबरोबर सगळं सांगितलं. न विचारता.

पायरीपाशी उभी राहून तिनं दोनदा मागं वळून बघितलं. तिसऱ्यांदा नाव पुकारल्यावर एकटीच वर गेली. पाहुण्यांनी विचारलं, यजमान कुठंयत. ती म्हणाली, बसमदी हायेत. माइक चालू होता. सगळा मंडप हसला. ती पण हसली. सांगताना आत्ताही हसली. फेटा समितीनं तिच्या हातात दिला, तो तिनं खुंटीला लावून ठेवलाय.

मी म्हणालो, पोलिसांनी ऐन वेळी थांबा बंद केला, त्याला माझा इलाज नव्हता. ती म्हणाली, न्हाईच की, तुमी काय करणार.

मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधला. असता तर मला बोलायला काहीतरी मिळालं असतं. मुद्दे तयार होते.

गोधडी आता परभणीला, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार. सोमवारी तिला जायचंय. तिनं माझ्यासमोरच मालू वैनींना हाक मारून विचारलं, परभणीची सकाळची गाडी कवा अस्ती ओ. मी तिथंच बसलो होतो. पाथरी ते परभणी सगळ्या गाड्या मला तोंडपाठ आहेत, मधे कुठं किती थांबतात तेसुद्धा. तिला ते माहीत आहे.

मी म्हणालो, मी येतो की सोबत. रजा टाकतो.

ती म्हणाली, कशाला ओ, उगं तुमाला तरास. तुमी घरी बसा आरामात, पोरींना जेवायला वाढा.

फार मायेनं म्हणाली. मी बरं म्हणालो.