वानराचं हाड आणि बाबांची दाढ

मंगळवार, संध्याकाळ

आज लॅबमध्ये वानराच्या जबड्याचं हाड दाब देणाऱ्या मशीनखाली कडकन मोडलं. चूक माझीच. मिठाच्या पाण्यात भिजवायचं विसरले, वाळकंच लावलं. मग दुसरं, भिजवलेलं लावलं. ते वाकलं, आणि दाब काढताच होतं तसं सरळ! काय हाड आहे! कुणाला सांगू असं झालं.

घरी बाबांनाच सांगितलं. अपघातात मोडलेला त्यांचा जबडा कधीच जुळलाय. डॉक्टर 'चावून खा' म्हणतात, पण हे भीतीनं अजून मऊ भातावरच.

"जित्तं हाड ओलं असतंय, बाबा. सहज मोडत न्हाय."

"व्हय?" म्हणाले. कोपऱ्यातला ऊस उचलला, दाढेखाली धरला.

कडकन! मी डोळे गच्च मिटले.

"घाबरतीस काय? ऊस मोडला की," बाबा म्हणाले. हनुवटीवरून रस गळत होता.