बंदूक ह्यांच्याजवळ, बोल्ट उल्काकडे

मी, सौ. उत्तरा पुरुषोत्तम राजवाडे, वय एकाहत्तर, राहणार डलोनेगाजवळ, राज्य जॉर्जिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावाचून लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. ऑपरेशनची मला भीती नाही. मी परत आले नाही तर या घरात काय होईल, याची मात्र आहे.

घर आणि आवार माझे पती पुरुषोत्तम यांच्या हयातीत विकू नये. त्यांच्यामागे ते आमच्या दोन्ही मुलांचे, अनीशचे आणि उल्काचे, सारखे. माझ्या बांगड्या उल्काला. शेळ्या शेजारच्या वेंडेलला. काळी मारकी आहे, हे तो जाणून आहे. माझे इडलीपात्र सुलेखाकडे गेली चार वर्षे पाहुणचार घेत आहे, ते तिने परत आणून द्यावे. साक्षीदार म्हणून सही करताना तिला हे वाचावेच लागेल.

आता बंदुकीबद्दल.

आम्ही इथे आलो तेव्हा कायोटी, म्हणजे इकडचे कोल्हे, शेळ्यांची करडे ओढून न्यायचे. वेंडेल म्हणाला रायफल घ्या. दुकानात ह्यांना चकचकीत दस्त्याची एक आवडली. मला बंदुकीतले काही कळत नव्हते, पण कुकर निवडायचे कळते. मी दुकानदाराला विचारले, "तुझ्याकडे दुरुस्तीला सगळ्यात कमी कुठली येते?" त्याने कोपऱ्यातली, दिसायला अगदीच मठ्ठ, ब्रॅडनर कंपनीची काढली. चिखलात पडली, पावसात भिजली तरी चालते म्हणाला. मी तिचा बोल्ट पुढेमागे करून पाहिला. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलणारा वीतभर लोखंडी दांडा. तो काढला की बंदुकीची काठी होते. कुकरचे झाकण बसावे तसा बसला. सुटे भाग कुठेही मिळतात याचीही खात्री करून घेतली. वेंडेल हसला, "काकू, बंदूक घेताय की भांडं?" काकू म्हणायला त्याला मीच शिकवले आहे.

निवड चोख निघाली. कुंपणावरून पडली, गोठ्यात शेळीने तुडवली, पण ऐनवेळी कधी दगा दिला नाही. पूर्वी मी हे कौतुकाने सांगत असे. आता तेच आठवून झोप उडते.

मागच्या वर्षीपासून ह्यांना माणसे ओळखू येईनाशी झाली. दसऱ्याला आम्ही बंदूक पाटावर ठेवून पूजा करतो. तिला तेल देण्याचे काम माझे, आणि तेल बंदुकीचे. त्या दसऱ्याला ह्यांनी हौसेने स्वतःच दिले, डोक्याला लावायच्या बाटलीतले खोबरेल, बोल्टच्या पोटात जिरेपर्यंत. मी म्हटले असू दे, नंतर पुसू. ते राहून गेले.

जानेवारीत अनीश सकाळीच, फोन न करता, गॅरेजच्या दाराने आत आला. हे तिथेच होते. "कोण रे तू?" म्हणाले आणि कोल्ह्यांसाठी भरून ठेवलेली बंदूक उचलली. अनीशला गंमत वाटली. "बाबा, मी आहे, काय ड्रामा करताय?" ह्यांनी चाप ओढला. नुसते टक् झाले. गॅरेजच्या थंडीत खोबरेल गोठून मेण झाले होते. आतली टाचणी जोराने पुढे गेलीच नाही. ते काडतूस मी नंतर पाहिले. त्याच्या बुडावर नखाने टोचल्याएवढी खूण आहे.

अनीश अजून मला चिडवतो, "आई, तुझी रिलायबल रायफल एकदाच लागली आणि फुसकी निघाली." चिडवताना माझ्याकडे बघत नाही. आणि हाच मुलगा म्हणतो, तुझ्यामागे लॅपटॉप घेऊन बाबांजवळ राहायला येतो. येईल तो. पण पहाटे पाणी प्यायला उठेल, आणि ह्यांना घरात परका माणूस दिसेल.

बंदूक घरातून काढून पाहिली. हे दोन दिवस चोर चोर करत कोयता घेऊन हिंडले. म्हणून बंदूक त्यांच्या नजरेसमोर भिंतीवर राहू द्यावी. काडतुसे मी वेंडेलला देऊन टाकली आहेत. बोल्ट मी उल्काला देत आहे. सध्या तो नाचणीच्या पिठाच्या डब्यात आहे. मी तो पर्समध्ये घालून नेणार होते, तर उल्का म्हणाली, "आई, हॉस्पिटलमध्ये? वेडी आहेस का?" ती शनिवारी येऊन तो मॉरिसव्हिलला, आपल्या घरी घेऊन जाईल. तिने तो ह्यांच्या हयातीत या घरात परत आणू नये, अनीशने मागितला तरी नाही. ह्यांच्यानंतर दोघांनी बंदूक मोडीत द्यावी, विकू नये. ती कोणाच्याही हातात चालेल, हेच तिचे वाईट आहे.

दर दसऱ्याला पूजा ह्यांच्या हातून करवावी. तेल खोबरेलच द्यावे, भरपूर.

बोल्ट कुठे गेला असे ते विचारतील. हरवला म्हणू नये, घर उलथेपालथे करतील. "उत्तरा तेल द्यायला घेऊन गेली आहे," एवढेच सांगावे. माझे नाव त्यांना अजून आठवते. मी प्रत्येक कामाला वेळ लावते, हेही आठवते. ते वाट बघतील.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी उल्काने करावी.

सही: उत्तरा पुरुषोत्तम राजवाडे
ठिकाण: डलोनेगा, जॉर्जिया
दिनांक: १४ नोव्हेंबर २००७

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. गुरुदत्त नाडकर्णी
२. सुलेखा गद्रे (इडलीपात्र गाडीत आहे, आजच देते.)