झाकणाच्या आतला कागद

उमरी,
दि. १४ डिसेंबर १९८२

चि. विरूपाक्षास उमाक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आम्ही बरे आहोत. विहिरी आताच तळाला गेल्यात, उन्हाळ्यात टँकरच येणार. लोक लग्नं पुढे ढकलतायत, म्हणजे तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरना गिऱ्हाईक नाही, हे तू न कळवताही कळतं. म्हणून यांनी नांदेडच्या एका व्यापाऱ्याशी बोलणं केलंय. लातूर जिल्हा झाल्यापासून तिकडे कचेऱ्या वाढल्या, सभा वाढल्या. व्यापाऱ्याला तिकडे विकायला चाळीस सेट हवेत. अट एवढीच की झाकणाच्या आत तू जोडणीचा नकाशा चिकटवतोस तो नको, आणि पेटी लाखेनं बंद हवी. बिघडलं की गिऱ्हाईक त्यांच्याच दुकानी यावं.

तुझं काय जातं रे? ही ऑर्डर गेली तर कारखाना बंद करून आडतीवर मुनीमगिरी करशील. त्यांचा माणूस सोमवारी येईल. त्याला चहा पाज, भाषण नको.

भांडण नव्हे, होकार कळव.
तुझी अक्का

लातूर,
दि. २२ डिसेंबर १९८२

ती. उमाक्कास विरूपाक्षाचे शरणु शरणार्थी, वि. वि.

माणूस आला, चहाही पाजला. तेवढ्यात औशाची कोंडाबाई आली, डोक्यावर सेट घेऊन. नवरा गेल्यापासून ती लाऊडस्पीकर भाड्यानं देते. सेट बंद पडला तर तिनं स्वतःच झाकण काढून, नकाशा बघून तार जोडली; पण उलटी, आणि ट्रान्झिस्टर जळला. बिचारी दारातूनच सांगू लागली की मालक, चूक माझीच हाय, मीच उघडलं. मी बोलायच्या आत तो माणूस तिच्यावर खेकसला की अडाणी बाईनं यंत्राला हात लावावाच कशाला.

अक्का, मला राहवलं नाही. त्याला उठवलं आणि त्याच खुर्चीवर कोंडाबाईला बसवलं. चूक माझी होती. दोन्ही तारा मी काळ्याच शाईनं काढल्या होत्या, तिनं ओळखावं तरी कसं? आता तांबडी शाई आणलीय, आणि सगळ्या गिऱ्हाइकांना नवा कागद टपालानं धाडतोय. तुला दिलेल्या सेटचाही सोबत आहे.

तिनं सेट घेतला म्हणजे तो तिचा झाला. तिच्या वस्तूला मी लाख लावू? बहात्तरच्या दुष्काळातही मी हलका माल भरला नाही. औसा-निलंग्याची माणसं दुसरीकडे जात नाहीत, ती काय माझं तोंड बघून? चाळीस सेट गेले खड्ड्यात. दाजींना सांग, कुलूप लागायचं तर माझ्या दाराला लागेल, गिऱ्हाइकाच्या पेटीला नाही.

खुशाल रागव, पण लिहिणं सोडू नकोस.
तुझा विरूपाक्ष

उमरी,
दि. ५ मार्च १९८३

चि. विरूपाक्षास आशीर्वाद, वि. वि.

दोन महिने लिहिलं नाही, कारण रागच होता. हे तर तुझं नावही काढू देत नव्हते.

ग्रामपंचायतीनं त्या व्यापाऱ्याकडूनच, दुसऱ्या कारखान्यातला लाखबंद सेट घेतला होता. टँकर आला की त्यावरून पुकारा व्हायचा. मंगळवारी तो मुका झाला. दुकानाचा निरोप आला की पेटी पाठवा, पंधरा दिवस लागतील, लाख फोडली तर आम्ही जबाबदार नाही. गुरुवारी टँकर आला आणि आमच्या वरच्या गल्लीला कळेपर्यंत रिकामा झाला. शेजारच्या गुरम्माची सून तान्हं लेकरू घेऊन कोरड्या घागरीपाशी रडत बसली.

मी माळ्यावरून तुझा सेट काढला. तोही बोलेना. मेकॅनिक हिमायतनगरला गेलेला. मामंजींनी बजावलं की बायकांनी विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही. मी पदर खोचला आणि स्क्रू काढले. तुझा कागद वाचला. आधी पिन काढा, आतली वीज उतरायला चहा पिऊन होईपर्यंत थांबा, मग हात लावा. तांबडी तार तांबड्या खुणेला. घाबरू नका, वस्तू तुमची आहे.

विरूपाक्ष, शेवटची ओळ वाचून मला रडू आलं. या घरात येऊन बावीस वर्षं झाली, कुठल्याही वस्तूला कुणी तुझी म्हटलं नव्हतं. सगळे बघत असताना मी खरंच चहा प्याले, सावकाश. मग सुटलेली तांबडी तार स्क्रूखाली आवळली, आणि सेट बोलला.

सरपंचांचं पत्र सोबत आहे. आमच्यासाठी आणि आसपासच्या गावांसाठी मिळून अकरा सेट हवेत. हे स्वतः न्यायला येतायत; थोडे खजील आहेत, छळू नकोस.

आज सकाळी टँकर आला. पुकारा मी केला, आधी वरच्या गल्लीचा. मामंजींनी सगळ्यांसमोर विचारलं की हा माईक तुझ्या हाती दिला कुणी. मी तो तोंडाजवळच धरून सांगितलं की दिला कुणी नाही, माझाच आहे. साऱ्या उमरीनं ऐकलं.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी अक्का