माहिती देणाऱ्याचा अंगठा

देवाला स्मरून, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे की धाकानेही नव्हे, मी खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घरचे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे, तेव्हा मुलाने शंका काढू नये. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मला दोन मुले आहेत असे लिहिले होते. ते चुकले होते.

१. घड्याळवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या यजमानांच्या पश्चात माझ्या नावावर आहेत. त्या मुलगी व मुलगा यांना निम्म्या-निम्म्या. मुलगा म्हणेल, "ताईला तिच्या नवऱ्याचं घर आहे की." असू दे. माझ्या आजारपणात ती जिना चढली, त्याने फोन केले.

२. बँकेतल्या ठेवीही तशाच वाटाव्यात. पावत्या कपाटात साड्यांखाली आहेत. घरखर्चाच्या वह्या रद्दीत घालाव्यात. त्यात भाजी आणि साबणाशिवाय काही नाही, कोणी वाचत बसू नये.

३. शिलाई मशीन सुनेला. तिला शिवता येत नाही, पण "आई, हे धूड कधी काढणार?" असे तिने दोनदा विचारले आहे. मोठा कुकर शेजारच्या शिंपीणबाईंकडे आहे. तो त्यांनाच राहू द्यावा. फक्त तो माझा होता एवढे त्यांना मोठ्याने सांगावे.

४. माझे वाचायचे भिंग धाकट्या दिरांच्या मुलाला. सगळ्यांची उलटतपासणी घेतो म्हणून घरात त्याला फौजदार म्हणतात. मुदतीआधीच निवृत्ती घेतल्यापासून तो घराण्याची वंशावळ करतो आहे. गेल्या महिन्यात तो नोंदणी ऑफिसातून जुन्या जन्मनोंदीच्या पानाची नक्कल घेऊन आला. वडिलांचे नाव यजमानांचे, आईचे माझे, पत्ता याच घराचा, लिंग स्त्री. बाळाच्या नावाचा रकाना मात्र रिकामा.

"काकू, तेव्हा दाखल्यावर नाव नसायचंच," फौजदार म्हणाला. "नोंद आधी व्हायची, बारसं मागाहून. ताई, तू तर दोन वर्षांनी मोठी निघालीस!"

मुलगी नर्स आहे, तिची निवृत्ती तोंडावर आली आहे. ती म्हणाली, "म्हणजे दोन वर्षांपूर्वीच सुटले असते की रे! जा, दवाखान्यात सांगून ये." सगळे हसले. मी चहा टाकायला उठले.

फौजदार म्हणाला ते खोटे नाही. नाव नसलेले दाखले असे ढिगाने असतात. पण तो दाखला या मुलीचा नव्हता. ही दवाखान्यात झाली, त्या दवाखान्याचे नाव तिच्या दाखल्यावर आहे. तो दाखला तिच्या आधी या घरात झालेल्या माझ्या पहिल्या मुलीचा आहे. ती आठवडाभर जगली. नाव ठेवायचे राहिले.

फौजदाराने पुढचे दाखले वाचताना केवळ नावाच्या रकान्यावर जाऊ नये. नोंदणीची तारीख पाहावी, आणि नोंद करायला कोण गेले होते तेही पाहावे. त्यासाठीच भिंग.

५. सासूबाईंचा फोटो ट्रंकेच्या तळाशी आहे. तो काढून यजमानांच्या फोटोशेजारी लावावा. तो तिथे का नव्हता, ते लिहिते.

मूल गेल्यावर यजमान बाहेरच्या खोलीत म्हणाले होते, "आता नोंद कशाला? राहिलंय काय नोंदवायला?" मी आत पडून ऐकले. सासूबाई रडल्या नाहीत. सोमवारी सकाळी ठेवणीतली साडी नेसून त्या बाहेर पडल्या, त्या दुपारी परतल्या. माझे मूल जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि ही बाई नटून कुठे फिरते, हे माझ्या मनातून कधी गेले नाही. परत येऊन त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवले. "ऊठ गं, दोन घास खा," म्हणाल्या. त्यांचा अंगठा काळा होता. मला वाटले, काजळी. मी भिंतीकडे तोंड फिरवले.

नक्कल मी भिंगाखाली धरली. नोंदणीची तारीख त्याच सोमवारची. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात "बाळाची आजी", आणि पुढे अंगठा. त्यांना अक्षर येत नव्हते. सरकारी ऑफिसात त्या कधी एकट्या गेल्या नव्हत्या. मूल गेल्याचे त्यांनी कारकुनाला सांगितले की नाही, देव जाणे. शेऱ्याचा रकाना कोरा आहे. माझ्या सांगण्यावरून फौजदाराने मृत्यूची नोंदही शोधली. नाही. सासूबाईंनी तिचा जन्म लिहवून घेतला आणि तेवढ्यावर परत आल्या.

इतकी वर्षे मला वाटत होते, माझ्या मुलीला या घरात कोणी मोजलेच नाही.

६. वंशावळ छापायला जाईल तेव्हा माझ्या नावाखाली तिसरी चौकट काढावी, आणि ती दोघांच्या आधी काढावी. आत नाव घालू नये. मुलीला मी हे सांगितले. ती म्हणाली, "मग मला थोरली थोरली का म्हणत आलीस?"

"तुला हाक मारली की दोघींना मारल्यासारखं व्हायचं," मी म्हणाले.

हाकेला तिने थोरलीच राहावे. कागदावर दुसरी.

७. देवापुढचा दिवा तिलाच. तेल बेताने घालावे, पण रोज लावावा.

८. माझ्या मृत्यूची नोंद करायला दुसऱ्या कोणाला पाठवू नये. मुलीने स्वतः जावे, चांगली साडी नेसून. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात तिची सही असावी. मृत बाईला मुले किती, असे कोणी विचारले तर तीन सांगावे.

साक्षीदार: खालचे घड्याळवाले (सही). तपासणारे डॉक्टर (सही). दोघांच्या देखत मी व माझ्या देखत दोघांनी सह्या केल्या.

ठिकाण: राहते घर, वरचा मजला.
दिनांक: शिक्क्याप्रमाणे, सोमवार.

लिहून देणारीची सही. मला सही येते, तरी शेजारी अंगठाही उठवला आहे. तो माझ्या इच्छेने.