काळ्या घोड्याची नाल आणि मादागास्कर

५ मे

ऐंशी मीटर! आमच्या लेकीचं, उत्कर्षाचं विमान समुद्रावरून एवढ्याच उंचीनं उडणार. म्हणजे आमच्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीवर आणखी दोन टाक्या ठेवल्या की झालं.

कन्यारत्न समजावत होतं — नऊ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आपल्या किनाऱ्याला चिकटून होता. मोडलेल्या भाकरीच्या कडा जुळवाव्यात तसं जुळवायचं. खडकांतलं चुंबकत्व विमानातून मोजायचं, इकडचा पट्टा तिकडच्या पट्ट्याशी जमतो का बघायचं. यंत्र फार नाजूक वगैरेही म्हणाली. मी फक्त उंची ऐकत होतो.

७ मे

गेलो! घोड्याबैलांना नाल ठोकणाऱ्या नानासोकडं. काळ्या घोड्याची नाल मागितली. संकटं टळतात म्हणे. वीस वर्षं पेपरातल्या सदरात मी ह्याच नालेची टर उडवतोय.

"आवं सर, तुमीच लिवलं हुतं न्हवं? चार नाला ठोकून घोड्याचं काय टळंना, तुमचं काय टळनार?"

"हळू बोल रं!"

"घ्या. लेकीसाठी हाय, पैसं नगं. पन ह्ये बी छापा कवातरी."

तिच्या बॅगेचं अस्तर उसवलं, नाल आत, वरून टाके. वाकडे.

८ मे

रत्नागिरीला गेली. तिथूनच उड्डाण. फोन हातातून सुटत नाही.

१२ मे

फोनवर ओरडतच होती! "बाबा, जुळलं! उड्डाणाच्या दोन रेषांवर आकड्यांची मोठी उडी — मादागास्करसारखीच! आमचे सर नाचायचेच बाकी आहेत."

विचारलं, भीती नाही वाटत?

"वेळ कुठाय? बेल्टच्या बकलापासून चपलेच्या खिळ्यापर्यंत सगळ्यांचं लोखंड मीच उतरवून घेते. नाहीतर यंत्र फसतं."

"आणि तुझी बॅग?"

"असते शेपटीकडं, यंत्राजवळच, गचके बसले की सरकते. का हो?"

काही नाही, म्हणालो.

१३ मे

ती उडी मादागास्करची नव्हे, माझ्या नालेची असणार. बोललो तर त्या दोन रेषा तिला परत उडाव्या लागणार, आणि समुद्रावर वारं सुटलंय. गप्प बसलो तर पोरगी सुखरूप — आणि उद्या चारचौघांत खोटी! वीस वर्षं लोकांची सोंगं फाडली. स्वतः शिवलेलं अस्तर उसवत नाही.

१४ मे

सांगितलं.

पलीकडं बॅगेची चेन ओढली गेली. मग कापड फाटल्याचा आवाज. मग, "उद्या परत उडावं लागेल." बाबा म्हणाली नाही.

१५ मे

उतरली! त्या उडीची खूणही नाही. मादागास्कर परत आपल्या जागी गेला.

"बाबा," म्हणाली, "पुढच्या फेरीला बॅग माझी मी भरीन."

पुढच्या फेरीला!