झऱ्याबद्दल डोळा

सदर, नागपूर
१२ फेब्रुवारी २०२४

चि. अंकितला मेघाताईचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आमच्या बायबल शाळेत फोन जमा करून घेतात, म्हणून तरी तू चार ओळी लिहितोस! बांधाच्या भांडणापायी शेजारच्या शेतातल्या भैयाजीने आपल्या विहिरीतला झरा सिमेंट ओतून बुजवला, हे वाचून माझंही डोकं फिरलं. संत्र्याची झाडं जातील रे. पोलिसांत तक्रार दे.

राग उतरावा म्हणून एक गंमत सांगते. हिब्रूत झऱ्याला ‘आयिन’ म्हणतात आणि डोळ्यालाही ‘आयिन’च. म्हणजे शास्त्रातलं ‘डोळ्याबद्दल डोळा’ तुझ्यासारख्या ढ माणसाने ‘झऱ्याबद्दल डोळा’ असं खुशाल वाचावं! आईला जप. माया असू दे.

तुझी ताई

कन्हान
२० फेब्रुवारी

ती. मेघाताईस सलाम, वि. वि.

तू लिहिलं तसं केलं. काल भैयाजी मोटर सुरू करायला वाकला, तेव्हा खड्डे खणायची लोखंडी सब्बल हाणली. गालाचं हाड मोडलेलं ऐकू आलं. पाय धरून म्हणत होता, काहून मारून राहिला गा मले. मी सांगितलं, शास्त्रात आहे. मग सब्बलीचं टोक डाव्या डोळ्यात खुपसलं. मला खूप बरं वाटलं, ताई.

त्याच्या भावांनी माझा उजवा हात मोडला, दोन दात पाडले. डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नको. पोलीस येतील. तुझं पत्र खिशात आहे, ते वाचलं की सोडतील. लोभ ठेव.

तुझा अंकित

सदर, नागपूर
४ मार्च

चि. अंकितला सलाम, वि. वि.

त्या ओळीत ‘आयिन’ म्हणजे फक्त डोळाच. मला ते माहीत होतं. आणि तो नियम डोळा घ्या म्हणत नाही, एकाहून जास्त घेऊ नका म्हणतो. एवढं लिहायचा मी आळस केला.

भैयाजीचा डोळा काढून टाकला. दवाखान्यात त्याच्या बायकोने, गोपिकाने, मला चपलेने बडवलं. मी हलले नाही. तुझा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा.

तुझे वकील म्हणतात, ताईने पत्र आपलं नाही म्हणावं, नाहीतर चिथावणीचा गुन्हा लागेल. आईही रडून सांगते, एक लेकरू तरी घरी राहू दे वं. काल ठाण्यात जाऊन मी अक्षर माझंच असल्याचं लिहून दिलं. उद्या पुन्हा बोलावलंय. कपड्यांची पिशवी भरून ठेवली आहे. तुरुंगात बायकांच्या बराकीतून पत्र टाकू देतात का, तेवढं तिथल्या शिपायाला विचारून ठेव. माया आहे, तशीच आहे.

तुझी ताई